खिडकीवरची रांग: एका फाउंड्रीच्या एच.आर. विभागातल्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४

आजपासून ही वही. साहेबांचा आदेश एका ओळीचा आहे: डिसेंबरअखेर एच.आर.ची कार्यक्षमता वाढवा. कार्यक्षमता कशी मोजायची याबद्दल त्या ओळीत काही नाही, तेव्हा ते ठरवणं माझ्याकडे आलं.

थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. मोल्डिंग (साचे), कोअर शॉप (साच्यातले आतले गाभे), मेल्टिंग (भट्टी), नॉकआउट (साचा फोडून माल काढणं), फेटलिंग (माल घासून साफ करणं) आणि मागच्या बाजूला छोटं मशीन शॉप. कायम आणि ठेकेदाराकडचे धरून साडेचारशेच्या आसपास माणसं, तीन पाळ्या. एच.आर.मध्ये आम्ही चौघं: मी, पेरोल म्हणजे पगाराचा हिशेब सांभाळणारी सहकारी, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे अण्णा आणि एक ट्रेनी मुलगा.

वरच्या मजल्यावर सगळ्यांच्या डोक्यात नवं सॉफ्टवेअर आहे. दोन कंपन्यांची प्रात्यक्षिकं झालीसुद्धा, रंगीत तक्ते बघून सगळे खूश. मी म्हटलं, आधी सहा महिने मला एकच गोष्ट मोजू द्या. कामगार मशीन सोडून एच.आर.च्या खिडकीवर किती वेळा येतो, कशासाठी येतो, आणि एका खेपेत त्याचं काम होतं का. खिडकीपाशी आजपासून रजिस्टर ठेवलंय. रकाने चार: टोकन नंबर (कामगाराचा क्रमांक), खातं, काम काय, आणि "परत यायला सांगितलं का". शेवटच्या रकान्याला ट्रेनीने तोंड वाकडं केलं, कारण तो रकाना त्यालाच भरायचाय.

१० जुलै

पगार ७ तारखेच्या आत. हजाराच्या आत कामगार असतील तर कायद्यानेच ती मुदत घातली आहे, आणि आमच्याकडे ती आजवर पाळली गेली आहे. प्रश्न पगारानंतरचा. ८, ९ आणि आज १०, तिन्ही दिवस जेवणाच्या सुट्टीत खिडकीपासून पार सायकल स्टँडपर्यंत रांग. रजिस्टर चाळलं तर निम्म्याहून जास्त नोंदी एकाच कामाच्या: "हजेरी कमी लागली."

फेटलिंगमधले एक मामा आले होते. पन्नाशी ओलांडलेले. दोन दिवस कामावर असून गैरहजर लागले होते. मी म्हटलं, पंच केला नव्हता का? त्यांनी काही न बोलता गजाआडून अंगठा पुढे केला. ग्राइंडर धरून धरून अंगठ्यावरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या, वरून काळी धूळ कातडीत बसलेली. मशीनवर चार वेळा बोट ठेवायचं, चारही वेळा लाल दिवा, मागे पाळीची माणसं खोळंबलेली, शेवटी सिक्युरिटीच्या वहीत सही करून आत जायचं. हे त्यांचं रोजचंच. "मशीनला आमचं बोट कळंना झालंय मॅडम, पर मालकाला काम तर दिसतंय न्हवं?"

या मामांच्या हजेरीचा प्रवास आज दुपारी कागदावर काढला. सिक्युरिटीच्या वहीत सही. मग पंच राहिल्याची चिठ्ठी, ती भरायची स्वतः. तिच्यावर सुपरवायझरची सही, मग खातेप्रमुखांची सही, मग चिठ्ठी टाइम ऑफिसला. तिथे अण्णा लाल शाईने त्यांच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करतात आणि महिनाअखेरीला सगळ्या दुरुस्त्या एकदम कॉम्प्युटरमध्ये चढतात. मामांची चिठ्ठी सापडली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, सही होऊन, गेज आणि खडूच्या तुकड्यांखाली. चुकीमागे वाईट हेतू कुणाचाच नाही. चिठ्ठी पुढे न्यायची जबाबदारी कुणाची, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

१६ जुलै

आज दिवसभर अण्णांशेजारी खुर्ची टाकून बसले. सुरुवातीला त्यांना वाटलं मी रजिस्टर बंद करायला आलेय. दुपारचा चहा झाल्यावर जरा मोकळे झाले.

त्यांचं रजिस्टर बघण्यासारखं आहे. निळी शाई हजेरीची, लाल दुरुस्तीची, हिरवी सी-ऑफची, म्हणजे बदली सुट्टीची. कोण कुणाच्या बदली पाळी करतोय, कुणाच्या घरी दुखवटा आहे, कुणाचं ऊस लावायचं काम चालू आहे, सगळं कडेच्या समासात बारीक अक्षरात. गेल्या महिन्याची कॉम्प्युटरची हजेरी आणि अण्णांचं रजिस्टर ओळीला ओळ लावून बघितलं. जिथे जिथे फरक होता, तिथे जवळपास प्रत्येक वेळी रजिस्टर बरोबर निघालं.

फरकांचा मोठा गठ्ठा तिसऱ्या पाळीचा. माणूस रात्री साडेअकराच्या आधी पंच करून आत येतो, सकाळी साडेसातनंतर बाहेर पडतो. कॉम्प्युटरचा दिवस मध्यरात्री बारा वाजता बदलतो. त्यामुळे पहिल्या तारखेला नुसता आत येण्याचा पंच दिसतो, दुसऱ्या तारखेला नुसता बाहेर जाण्याचा. दोन्ही दिवस अर्धवट. महिनाअखेरीला अण्णा ते एकेक करून हाताने जुळवतात, आणि हे कित्येक वर्षं चालू आहे. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, रात्रपाळीसाठी दिवस कधी सुरू धरायचा याची सेटिंग पहिल्यापासून आहे, तुमच्याकडून कुणी चालू करून मागितलीच नाही. अर्ध्या तासात चालू करून दिली. पैसे शून्य. अण्णा स्क्रीनकडे बघत बसले आणि मग एवढंच म्हणाले, "आता मी महिनाअखेरीला काय करू?" त्यांच्यासाठी काम माझ्या डोक्यात आहे, पण आज बोलले नाही.

उद्या आषाढी. वारीला गेलेल्यांचे रजेचे अर्ज अजून आलेले नाहीत, ते पंढरपूरहून आल्यावर येतील. फॅक्टरी अ‍ॅक्ट म्हणतो, भरपगारी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा. आमच्या कारखान्यात आजवर तसा अर्ज फक्त लग्नासाठी आलेला आहे, तोही ज्याचं लग्न त्याचा. पण वारीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते आणि जाणारी माणसं दरवर्षी तीच असतात. पुढच्या वर्षी ज्येष्ठातच दिंडीवाल्यांची यादी आपण होऊन करायची.

२६ जुलै

पूर. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. चिखली, आंबेवाडीकडची माणसं येऊ शकत नाहीत, काहींनी जनावरं घेऊन घर सोडलंय. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे आज सकाळपासून सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे. मेल्टिंग अर्ध्यावर.

हजेरीत यांना काय लावायचं? सिस्टीममध्ये तीनच खाने: हजर, रजा, गैरहजर. गैरहजर लावलं तर हजेरी बक्षीस जातं. मागच्या पुरात ही फाइल दिवाळीपर्यंत टेबलांवरून फिरत राहिली होती. या वेळी सकाळी साडेनऊला साहेबांना फोन केला आणि दुपारपर्यंत एक पान टाइप करून सही घेतली: तहसीलदारांनी स्थलांतर सांगितलेल्या किंवा रस्ता बंद असलेल्या गावच्या माणसांना शिल्लक भरपगारी रजा वापरायची मुभा, रजा नसेल तर बिनपगारी, पण कुठल्याही परिस्थितीत हजेरी बक्षीस कापायचं नाही. सिस्टीममध्ये "पूर" नावाचा वेगळा कोड. गावांची यादी अण्णांनी तोंडी सांगितली, कोण कुठल्या वाडीचा ते त्यांना पाठ आहे.

हे पान आता कायमचं. पुढच्या वेळी पाणी चढलं की नुसतं काढायचं.

८ ऑगस्ट

पंच राहिलेल्यांची यादी आजपासून रोज. सकाळी दहाला अण्णा आदल्या दिवसाची यादी काढतात, सुपरवायझरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, आणि एक प्रत कॅन्टीनच्या दाराशी लावतात. सुपरवायझरने त्याच दिवशी उत्तर द्यायचं, होता की नव्हता. खातेप्रमुखांची सही काढून टाकली. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सुपरवायझरने सही केली की मी डोळे झाकूनच करतो. मग कशाला करता, असं विचारायचा मोह आवरला.

हेच अण्णांचं नवं काम. महिनाअखेरीचा डोंगर रोजच्या रोज उचलायचा. त्यांची अट एकच होती, रजिस्टर चालू राहील. राहू दे. दोन महिने दोन्ही चालवू, मग तेच ठरवतील.

युनियनचे दोन पदाधिकारी संध्याकाळी आले. यादीत नावं नकोत म्हणाले, चारचौघांत कामचोर ठरवल्यासारखं दिसतं. बरोबर आहे. उद्यापासून फक्त टोकन नंबर.

फेटलिंग आणि नॉकआउटच्या दाराशी चेहरा ओळखणारं मशीन बसवायचं ठरलं. तिथेही युनियनचा प्रश्न: फोटो कुठे जाणार? रास्त विचारलं. लेखी दिलं की चेहऱ्याचा डेटा मशीन आणि आमचा सर्व्हर सोडून कुठेही जाणार नाही, आणि माणूस नोकरी सोडेल त्या महिन्यात पुसला जाईल. त्यांच्यापुढे बोलता बोलता माझं लक्ष मागच्या कपाटाकडे गेलं. त्यात वर्षानुवर्षांच्या आधारच्या झेरॉक्स, कुलूप नाही. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केला आहे, त्याचे नियम येतील तेव्हा येतील, पण कुलूप ३०० रुपयांत येतं. मागवलं.

२० ऑगस्ट

पेरोलच्या मास्टरची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या प्रत्येकाच्या मूळ माहितीची साफसफाई. कंटाळवाणं काम, पण आज एक रत्न सापडलं.

कोअर शॉपमध्ये बायका बऱ्याच आहेत. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. पुरुषांना १०,००० च्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. यादी काढली तर कोअर शॉपच्या मंगलताईंना दर महिन्याला २०० कापलेले. पगार २५,००० च्या बराच खाली. कारण? मास्टरमध्ये लिंग: पुरुष. कुणीतरी परगावच्या ऑपरेटरने नुसतं "मंगल" वाचून टाकलेलं असणार. आमच्या इकडे मंगल म्हणजे बाईच, पण तिकडे उत्तरेत पुरुषही असतात.

त्यांना बोलावून पैसे परत मिळतील असं सांगितलं. त्यांना कापले जात होते हेच माहीत नव्हतं. पगारपत्रक मिळतं का विचारलं तर म्हणाल्या, "मिळतंय की, पर इंग्लिशमधी असतंय." पुढच्या महिन्यापासून पगारपत्रक मराठीत. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, फॉन्टचा त्रास होईल. होऊ दे त्याला.

एकीचं सापडलं म्हणजे आणखी असणार. ट्रेनीला सगळं मास्टर माणसागणिक प्रत्यक्ष समोर बसवून तपासायला लावलंय: नाव, जन्मतारीख, लिंग, बँक खातं, आधारला जोडलेला मोबाइल. रोज एक खातं. खिडकीवर बोलवायचं नाही, त्यानेच लॅपटॉप घेऊन शॉपमध्ये जायचं. पहिल्या दिवशी मोल्डिंगमधून परत आला तेव्हा पांढरा शर्ट राखाडी झाला होता. उद्या निळा घालून येतो म्हणाला.

५ सप्टेंबर

७ तारखेला गणपती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणसाच्या हातात पैसे नसतील तर पगार वेळेत झाला याला काही अर्थ नाही. आज पगार जमा. हजेरी महिनाअखेरीलाच बंद झाली होती, कारण दुरुस्त्या रोजच होत होत्या. एरवी पहिले तीन दिवस चिठ्ठ्या शोधण्यात जायचे.

खिडकीवर आज फक्त मंडळाची वर्गणी मागायला आले.

१ ऑक्टोबर

ई.एस.आय.चा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा दिवस. कोल्हापुरातल्या प्रत्येक पेरोलवाल्याला हा दिवस आणि १ एप्रिल पाठ असतो.

नियम असा. महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल तर माणूस ई.एस.आय.मध्ये, त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, कंपनीकडून ३.२५ टक्के. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते. सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आमच्या करारातली वाढ जूनपासून लागू झाली, त्यात बरेच मोल्डर २१,००० च्या पुढे गेले. ते आजपासून बाहेर.

पेरोलवाल्या सहकारीने सकाळी बाहेर पडणाऱ्यांची यादी दाखवली. अपेक्षेपेक्षा बरीच लांब. नावं बघितली तर मशीन शॉपचीही पोरं त्यात, ज्यांचा मूळ पगार तेवढा नाहीच. मग लक्षात आलं: सॉफ्टवेअर ओव्हरटाइमही मिळवतंय. ओव्हरटाइमवर ई.एस.आय.ची वर्गणी कापायची हे खरं, पण माणूस २१,००० च्या आत की बाहेर हे ठरवताना ओव्हरटाइम धरायचा नसतो. दुप्पट दराने ओव्हरटाइम घेणारा पोरगा दोन-तीन महिने डबल करतो आणि दवाखान्यातून बाहेर फेकला जातो, असं झालं असतं. यादी हाताने दुरुस्त केली, सॉफ्टवेअरमधलं सूत्र बदलून मागितलं.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे झाली. दरवर्षी या दिवशी खिडकीवर भांडण होतं: आमचा दवाखाना का बंद केला? या वेळी रांग लागायच्या आधी आम्हीच मोल्डिंगमध्ये गेलो, पाळी बदलताना. सांगितलं की एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जून दवाखान्याचा लाभ आहे, आणि त्याआधीच्या सहामाहीच्या वर्गणीवर या डिसेंबरपर्यंत आहेच. म्हणजे जून २०२५ पर्यंत काही बंद होत नाही. त्यानंतरसाठी कंपनीची ग्रुप मेडिक्लेम. कामावरच्या अपघाताचं मात्र वेगळं आहे, ते संरक्षण आजपासून ई.एस.आय.कडून नाही, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी आजच्याच तारखेपासून घेतली आहे. वितळलेल्या लोखंडाशेजारी काम करणाऱ्याला एक दिवसाचीही फट ठेवता येत नाही. पॉलिसीचा कागद हातात आल्याशिवाय मी शॉपमध्ये जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तो काल संध्याकाळी साडेसहाला आला.

एक म्हातारा मोल्डर शेवटी म्हणाला, "मग पगार वाढवताना एवढं आधी सांगायचं न्हाई व्हय?" करारावर सह्या होताना हे कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या कराराच्या बोलणीत पेरोलवालीला बसवायला हवं.

१५ ऑक्टोबर

दसऱ्याला मशिनांची पूजा झाली, झेंडू अजून भट्टीच्या पॅनेलवर आहेत. आज भरतीचे कागद.

नवा माणूस कामावर घेताना त्याचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख किती ठिकाणी लिहून घेतो हे मांडलं: अर्ज, पी.एफ.चा फॉर्म ११, पी.एफ.चं नॉमिनेशन, ई.एस.आय., ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ, बँक, ओळखपत्र, सेफ्टी बुटाची चिठ्ठी. प्रत्येक फॉर्म वेगळ्या हाताने, वेगळ्या स्पेलिंगने. आणि ही स्पेलिंगं दहा वर्षांनी माणसाच्या अंगावर येतात.

कोल्हापूरचा खास प्रकार म्हणजे बाळासो. शाळेच्या दाखल्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, पी.एफ.मध्ये नुसतं बी. आणि पुढे आडनाव. आप्पासो, दादासो, रावसो, सगळ्यांची हीच कथा. सात वर्षं सदस्य असलेल्याला मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या वर्गणीच्या निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. आमच्या एका बाळासोंचा तो अर्ज नावामुळे दोनदा परत आला, लग्न व्याजाने काढलेल्या पैशांत झालं. त्यांना मी ओळखते, हे लिहिताना अजून राग येतोय.

आता एकच पान. आधार समोर ठेवून, आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. तेच पान सगळीकडे चढणार. माणूस फक्त सह्या करेल. घरी कुठल्या नावाने हाक मारतात त्यासाठी खाली वेगळा रकाना ठेवलाय, कारण शॉपमध्ये बाळासाहेब म्हणून हाक मारली तर कुणी वळून बघणार नाही. बुटाचा नंबरही त्याच पानावर. पूर्वी बूट तीन दिवसांनी मिळायचे आणि तोवर पोरगं चपलेवर शॉपमध्ये. आता बूट पायात आल्याशिवाय गेटच्या आत सोडायचं नाही, हा नियम मी एच.आर.च्या कार्यक्षमतेतच धरते, प्रॉडक्शनवाले काही म्हणोत.

२९ ऑक्टोबर

बोनस जमा. कायद्याने किमान ८.३३ टक्के, आमचा करारातला आकडा त्याहून जास्त. भरलेले दिवस हा बोनसच्या हिशेबाचा पाया, आणि ते या वेळी वादाशिवाय मान्य झाले.

बिहारकडची पोरं फेटलिंगमध्ये ठेकेदाराकडे आहेत. त्यांना दिवाळीपेक्षा छठ महत्त्वाची, ती यंदा ७ नोव्हेंबरला. दरवर्षी ती न सांगता जातात आणि आपण त्यांना न सांगता कमी करतो. या वेळी ठेकेदाराला बसवून कोण कधी जाणार, कधी येणार याची यादी घेतली. परतीच्या तिकिटाचा फोटो दिला की जागा राखून ठेवायची. फेटलिंगच्या प्रमुखांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच दोन नावं घालायला आले.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान, भरपगारी सुट्टी. तिसऱ्या पाळीची सुट्टी कुठल्या रात्री, १९ च्या की २० च्या, यावर आठवडाभर आधी चर्चा करून नोटीस लावली होती. भट्टी गार करता येत नाही म्हणून थांबलेल्यांना मतदानाला जायला वेळ आणि बदली सुट्टी. तक्रार नाही.

अण्णांनी आज रजिस्टरमध्ये हिरवी शाई वापरणं बंद केलं. सी-ऑफ आता सिस्टीममध्ये बरोबर दिसतात म्हणाले. लाल आणि निळी चालू आहे.

१० डिसेंबर

फुल अँड फायनल. इथे आमची अजून लाज जाते.

नोकरी सोडणाऱ्याला शेवटचा हिशेब मिळायला महिना-दोन महिने लागतात. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी असा कायदा आहे आणि ती आम्ही देतो. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. अडतं ते बाकीचं, म्हणजे उरलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे. का अडतं ते आज सहा जुन्या फाइली उघडून बघितलं. सगळ्या एकाच ठिकाणी थांबलेल्या: नो ड्यूज, म्हणजे कुठल्याच खात्याचं येणं बाकी नाही असा कागद. त्या कागदावर स्टोअर, टूल रूम, कॅन्टीन, पतसंस्था, सिक्युरिटी, आय.टी. अशा सह्या, आणि माणसाने स्वतः सगळीकडे हिंडायचं. मोल्डिंगच्या माणसाला आय.टी.ची सही कशाला? त्याच्याकडे कॉम्प्युटर सोडा, लॉकरसुद्धा नाही.

एका फाइलीत स्टोअरचा शेरा: "सेफ्टी बूट परत नाही." दीड वर्ष वापरलेले बूट. ते परत घेऊन स्टोअर त्यांचं काय करणार होतं, हे स्टोअरवाल्यांनाही सांगता आलं नाही. त्यापायी माणसाचे चोवीस दिवसांच्या रजेचे पैसे अडकलेले.

ठरवलं: राजीनामा आला त्याच दिवशी एच.आर.कडून सगळ्या खात्यांना एकदम निरोप, कुणाचं काही येणं असेल तर पाच दिवसांत कळवा, नाही कळवलं तर काही नाही असं धरणार. वापरलेले बूट आणि गणवेश यादीतून बाद. पतसंस्था वेगळी, तिथे खरोखर कर्ज असतं, तिची सही राहील. अकाउंट्सला "नाही कळवलं तर नाही" हे पचलेलं नाही. साहेबांकडे बैठक लावली आहे, शुक्रवारी.

शिवाय डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची सहामाही कपात, कामगाराकडून २५, कंपनीकडून ७५. आधी १२ आणि ३६ होती. पगारपत्रकावर मराठीत स्पष्ट लिहा असं सांगितलं, नाहीतर २५ रुपयांसाठी शंभर माणसं खिडकीवर येतील, आणि त्यांनी यावंच.

९ जानेवारी २०२५

सहा महिन्यांचं रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. "हजेरी कमी लागली" हे काम खिडकीवरून जवळपास गेलं, अधूनमधून एखादं. "परत यायला सांगितलं" हा रकाना रजेच्या आणि हजेरीच्या बाबतीत बहुतेक कोरा. दोन कामं तशीच आहेत: फुल अँड फायनल आणि पी.एफ.मधलं नाव. पहिल्याचा नियम अकाउंट्सने अर्धा मान्य केलाय, पाच दिवसांऐवजी दहा.

सॉफ्टवेअर कंपनीवाला पुन्हा आला होता. या वेळी चॅटबॉट. कामगार मोबाइलवर प्रश्न विचारेल आणि यंत्र उत्तर देईल. मी म्हटलं, फेटलिंगच्या मामांची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये असेल तर तुमचं यंत्र काय उत्तर देईल? तो हसला, त्याला वाटलं विनोद केला. साहेबांनी प्रस्ताव मार्चपर्यंत पुढे ढकलला, मी विरोध केला नाही. उद्या रजेची शिल्लक मोबाइलवर दिसली तर हवीच आहे, पण शिल्लक बरोबर असल्याशिवाय ती दाखवून काय करायचं?

२२ जानेवारी

पी.एफ.च्या नावाच्या कामात अनपेक्षित मदत. पी.एफ. संघटनेने नियम सैल केलेत: ज्याचा यू.ए.एन. (पी.एफ.चा कायमचा नंबर) १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघाला आहे, त्याला नाव, जन्मतारीख, लिंग, आईवडिलांचं नाव, नोकरी लागल्या-सोडल्याची तारीख हे स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येतं. कंपनीची सही नको, पी.एफ. कार्यालयाची मंजुरी नको.

ट्रेनीने यादीचे दोन भाग केले. नवी पोरं एका बाजूला, त्यांचं काम दहा मिनिटांचं. जुने बाळासो, आप्पासो मात्र बहुतेक २०१७ च्या आधीचे, त्यांना कंपनीमार्फत संयुक्त अर्ज करावा लागणार, आणि ज्यांना पैशाची गरज आधी लागणार तेही हेच. म्हणून क्रम उलटा लावला. आधी जुने, वयाप्रमाणे, ज्यांची मुलगी लग्नाची आहे किंवा निवृत्ती दोन वर्षांत आहे ते सर्वांत वर. ते कुणाचं काय, हे अण्णा सांगतील. समासात असणारच.

सोमवारपासून पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टेबल लावायचं. आधार, शाळेचा दाखला आणि पॅन आणायला सांगायचं. ओ.टी.पी. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल बऱ्याच जणांचा पोराकडे असतो, हे नोटिशीत मोठ्या अक्षरात लिहायचं. नाहीतर अर्धी माणसं रिकाम्या हाताने येऊन परत जातील.